एका घरात दोन चुली आणि रेशन कार्ड एक: कार्ड विभक्त करून देणाऱ्या दोन सेवा केंद्रांचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू लांब होणारे, कारण कामच तसं लांबलं. मार्चमध्ये सुरू केलं आणि धान्याचं पहिलं पोतं ऑक्टोबरमध्ये घरी आलं. दोन सेवा केंद्रं झाली. स्टँडजवळच्या केंद्राला १ स्टार, तोही झेरॉक्स नीट काढतो म्हणून, आणि बाजारतळाच्या मागचं जे एक ताई चालवतात त्याला साडेचार. नावं टाकत नाही, तालुकाही सांगत नाही, पश्चिम महाराष्ट्र एवढं बास. उगाच कुणाच्या पोटावर पाय नको आणि माझे अजून दोन दाखले त्याच तहसीलमधून निघायचेत.

तर आमचं घर. कौलारू, पुढं सोपा, मधी माजघर, मागं परडं. थोरला भाऊ आण्णा, वहिनी, त्यांची दोन पोरं, मी, बायको, आमची दोन आणि आई. नऊ माणसं आणि नऊ जणांचं एकच केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंबवालं, म्हणजे माणशी ५ किलो, महिन्याला ४५ किलो धान्य. २०२१ मध्ये चूल वेगळी झाली. भांडण वगैरे काय नाही, म्हणजे थोडं झालं, कुठं होत नाही, पण मुख्य म्हणजे पोरं मोठी झाली, आण्णाचा धंदा बरा चालायला लागला, खर्चाचा हिशोब रोज कोण करणार. मग परड्याकडच्या खोलीत आम्ही ओटा बांधला आणि तिथं शिजवायला लागलो. छप्पर एक, मीटर एक, घरपट्टी एक, नळ एक, तवे दोन. गावात सगळ्यांना माहिती होतं, फक्त सरकारला माहिती नव्हतं आणि आम्हालाही वाटलं नव्हतं की त्याला सांगायची कधी गरज पडेल.

गरज पडली ती गाडीमुळं. आण्णानं जुनी चारचाकी घेतली, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशानं, आनंदच आहे. आता जुलै २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म निघाले तेव्हा वहिनी आणि बायको दोघींनी शेजारी शेजारी बसून मोबाईलवर नारीशक्ती दूत ऍपवर भरले होते, राखीच्या आधी दोघींच्या खात्यात दोन महिन्यांचे तीन तीन हजार आले, पेढे पण झाले. मग २०२५ च्या सुरुवातीला अंगणवाडीताई घरोघर फिरल्या चारचाकी बघायला, कारण नियमच आहे की कुटुंबात कुणाच्या नावावर चारचाकी असली, ट्रॅक्टर सोडून, तर लाभ नाही. त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या, अंगणात गाडी उभी, विचारलं एकत्र राहता का, आणि आई सोप्यातनं मोठ्या अभिमानानं म्हणाली, होय एकत्रच राहतो की, माझी दोन्ही पोरं माझ्याजवळ आहेत. झालं. वहिनीचं बंद झालं ते बरोबरच होतं, गाडी त्यांच्या घरातली. पण बायकोचंही थांबलं. मी त्या अंगणवाडीताईंना दोष देत नाही, त्यांनी डोळ्यांनी दिसलं ते लिहिलं. आईच्या एका वाक्यात आम्ही सरकारी भाषेत एक कुटुंब झालो.

म्हणून मग कार्ड विभक्त करायचं ठरलं आणि मी गेलो स्टँडजवळच्या केंद्रात.

या केंद्राबद्दल थोडक्यातच लिहितो कारण तिथं लिहिण्यासारखं कमी आहे. एसी आहे, खुर्च्या आहेत, तीन कॉम्प्युटर आहेत, भिंतीवर सगळ्या योजनांचे फ्लेक्स आहेत, फक्त दरपत्रक नाहीय, जे खरं तर दिसेल असं लावायचं असतं. मालकानं विचारलं काय करायचंय, मी म्हणलं कार्ड वेगळं, तो म्हणाला १५०० द्या, आधार द्या सगळ्यांचे, महिन्यात होतंय. पाच मिनिटात काम संपलं, मला वाटलं वा काय फास्ट सर्व्हिस. पावती मागितली तर म्हणाला मेसेज येईल. मेसेज काय आला नाही. दोन महिने मी फोन करतोय आणि तो म्हणतोय साहेबांच्या लॉगिनला आहे, साहेबांच्या लॉगिनला आहे. शेवटी कळलं की अर्ज कधीच रिजेक्ट झालाय, कारण यानं विभक्तचा अर्ज केलाच नव्हता, सरळ नवीन कार्डाचा केला, आणि आमचे आधार आधीच जुन्या कार्डात असल्यावर नवीन कार्ड निघणारच कसं, सिस्टीम नाही म्हणणारच. पैसे परत मागितले तर म्हणाला सर्व्हिस तर दिली की. ही सर्व्हिस. १ स्टार झेरॉक्सला.

दुसरं केंद्र बायकोच्या मावसबहिणीनं सांगितलं. बाजारतळाच्या मागं, पत्र्याचं शेड, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर जो थोबाडीत मारल्यावर चालतो, बसायला एक बाकडं आणि त्यावर कायम पाच-सहा बायका. ताईंचं वय असेल तिशीच्या आत. मी जाऊन म्हणलं कार्ड विभक्त करायचंय किती घेणार, तर त्यांनी कॉम्प्युटरकडं हात पण नेला नाही. म्हणाल्या, बसा दादा, चूल कधी वेगळी झाली? मला वाटलं चौकशी करतायत उगाच. पण पुढचा अर्धा तास त्यांनी जे विचारलं आणि सांगितलं त्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहितोय.

त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला की तुम्हाला कार्ड वेगळं नेमकं कशासाठी पाहिजे, धान्यासाठी, लाडक्या बहिणीसाठी, आईच्या पेन्शनसाठी का पोराच्या स्कॉलरशिपसाठी. मी म्हणलं सगळ्यासाठी. त्या हसल्या. म्हणाल्या प्रत्येक फॉर्ममधला 'कुटुंब' शब्द वेगळाय, एकाला दुसऱ्याचं लावायला गेला की फसला. आणि मग बोटावर मोजून सांगायला लागल्या, मी घरी येऊन एकेक तपासून बघितलं, बरोबर निघालं.

पीएम किसानला कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं, संपलं. म्हणून सातबाऱ्यावर वाटणीनं वेगवेगळी नावं असलेल्या मला आणि आण्णाला वर्षाला सहा सहा हजार वेगळे येतात आणि आजवर कुणी विचारलं नाही की तुमची चूल एक का दोन. लाडक्या बहिणीला कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं, म्हणजे कागदावर बघितलं तर दोन जावा दोन वेगळ्या कुटुंबातल्याच आहेत, पण तपासायची वेळ आली की हातात कार्ड घेऊन तपासतात आणि कार्डात दोघी एकाच पानावर. रोजगार हमीचा २००५ चा जो कायदा होता त्यात तर लिहिलंच होतं की रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्यातली जी माणसं एकत्र राहतात आणि एकत्र जेवतात किंवा ज्यांचं रेशन कार्ड एक आहे ते एक कुटुंब, आणि १०० दिवस कुटुंबाला, माणसाला नाही. मला तेव्हा उमगलं की २०२२ च्या उन्हाळ्यात मी आणि वहिनी दोघं कामावर गेलो तेव्हा दिवस एकाच खात्यातनं का कापले जायचे. तो 'किंवा' बघा. एकत्र जेवता किंवा कार्ड एक आहे. म्हणजे वेगळं जेवत असाल तरी कार्डानं बांधलेले.

खानेसुमारीत पण घर म्हणजे सामाईक स्वयंपाकघरात जेवणारी माणसं हाच हिशोब असतो. म्हणजे आपल्या आजी-पणजी जे 'चूल वेगळी झाली' म्हणायच्या तेच सरकार म्हणतंय, फक्त आजीला पुरावा लागत नव्हता.

आता पैशाची गोष्ट, जी मला आधी कधी नीट कळलीच नव्हती. १ मे १९९९ ला आपल्याकडं तीन रंगाची कार्डं आली, १५ हजारापर्यंत उत्पन्न पिवळं, १५ हजार ते एक लाख केशरी, त्यावर किंवा चारचाकी असली तर पांढरं. पुढं २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला आणि केशरीतल्यांपैकी ज्यांचं वर्षाचं उत्पन्न खेड्यात ४४ हजार आणि शहरात ५९ हजाराच्या आत आहे त्यांना प्राधान्यमध्ये घेतलं. हे सगळे आकडे कुटुंबाला आहेत. माणशी नाहीत. दोघा नवराबायकोला पण ४४ हजार आणि आमच्या नऊ जणांना पण ४४ हजार. म्हणजे जितकी माणसं एकत्र, जितके हात कमावते, तितकी ती रेषा लवकर ओलांडली जाणार, मग पानात माणशी किती पडतंय ते कोण बघत नाही. ताई म्हणाल्या दादा, एकत्र कुटुंबाचं कौतुक लग्नपत्रिकेत, फॉर्ममध्ये नाही. हे वाक्य मी घरी बोलून दाखवलं तर आई रुसली.

आणि अंत्योदयवाल्यांचं, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाचं, उलटंच. तिथं धान्य कार्डाला ३५ किलो, घरात दोन माणसं असोत नाहीतर दहा. दहा असले तर माणशी साडेतीन किलो, म्हणजे प्राधान्यवाल्यापेक्षा कमी पडतं. पण म्हणून अंत्योदयचं कार्ड फोडलं की दोन अंत्योदय होतील असं समजू नका, बाकड्यावर माझ्या शेजारी बसलेल्या एका मावशींना ताईंनी तेच समजावलं, की कार्डं दोन होतील पण ३५ किलो एकालाच राहतील, दुसऱ्याला प्राधान्यमध्ये जागा असली तर, नाहीतर नुसतं कार्ड. मावशी उठून गेल्या, म्हणाल्या मग नको, राहू दे तसंच. फी बुडली ताईंची. यासाठी अर्धा स्टार जास्त.

अजून एक बघितलं. माझ्या पुढं एकजण होता, त्याला नुसतं कागदावर वेगळं व्हायचं होतं, चूल एकच, जेवण एकत्रच, फक्त बायकोचा आणि भावजयीचा लाभ चालू राहावा म्हणून. ताईंनी सरळ सांगितलं की मी करणार नाही, स्वघोषणापत्रावर सही तुझी असेल पण गाळ्यात बसून अपलोड मी करणारे, उद्या खोटं निघालं तर दोघंही. तो चिडून स्टँडजवळच्या केंद्रात गेला असणार. मला त्याचा राग पण येत नाही पूर्ण, १५०० रुपये महिन्याला म्हणजे काय ते मला माहितीय, पण अशा कागदी वाटण्यांमुळंच खरी चूल वेगळी असणाऱ्याकडं साहेब लोक चोरासारखं बघतात, हेही खरंय.

मग कागद. जुनं कार्ड, सगळ्यांचे आधार, आईचं संमतीपत्र, कारण अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली अठराच्या वरची सगळ्यात मोठी बाई ही कुटुंबप्रमुख, म्हणजे आमच्या कार्डावर आईच, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, आणि चूल वेगळी असल्याचं स्वघोषणापत्र. स्टँडवाल्यानं यासाठी ५०० च्या बाँडवर ऍफिडेव्हिट लागेल म्हणून आधीच हवा काढली होती, ताईंनी साध्या कागदावर लिहून घेतलं आणि तेच चाललं. उत्पन्नाच्या दाखल्यावर माझा आकडा ४० हजार लागला. तो कसा लागतो हे गावाकडच्यांना माहितीय, त्यावर इथं बोलत नाही. दीड एकर जिरायत आहे आणि हंगामाचं काम आहे, त्याहून खूप वेगळं काय नाही एवढंच.

अडकलं ते गॅसवर. वेगळ्या चुलीचा पुरावा म्हणून त्यांनी गॅसचं पुस्तक मागितलं. आमच्याकडं वेगळं कनेक्शनच नाही, आण्णाकडचा दुसरा सिलेंडर आम्ही वापरतो आणि पैसे देतो. मागं बायकोनं उज्ज्वलाचा प्रयत्न केला होता तेव्हा एजन्सीनं कुटुंब बघायला रेशन कार्डच मागितलं आणि त्या कार्डातल्या आईच्या नावावर आधीच गॅस, मग कनेक्शन नाही, कारण एका घरात एकच. म्हणजे गॅस पाहिजे तर कार्ड वेगळं आणा, कार्ड पाहिजे तर गॅस वेगळा आणा. मांजर आपल्याच शेपटीमागं फिरतं तसं. वेगळा मीटर घ्यावा म्हणलं तर त्याला ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा वेगळा पाहिजे, उतारा वेगळा पाहिजे तर घराची वाटणी पाहिजे, आणि आई जिवंत असताना घराची वाटणी हा शब्द आमच्यात कोण काढणार. ताईंनी मार्ग सांगितला की पुरवठा निरीक्षकांनी जागेवर येऊन बघावं असा वेगळा अर्ज जोडा, ग्रामपंचायतीचा दाखला लावा आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. हे स्टँडवाल्याला माहितीच नव्हतं किंवा माहिती असून पाच मिनिटात बसत नव्हतं.

जुलैच्या शेवटी निरीक्षक साहेब आले. हा प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. साहेब सोप्यात बसले, आईनं आत हाक मारली की चहा टाक. आता चहा टाक म्हणल्यावर कुणी टाकायचा? आमच्या घरात पाहुण्याचा चहा वहिनीच्या ओट्यावर होतो, ती सवय चूल वेगळी होऊन चार वर्षं झाली तरी गेली नाही, कारण त्यांचा ओटा पुढं आणि आमचा परड्यात. वहिनी उठल्या, बायकोनं डोळे मोठे केले, वहिनी बसल्या, मग बायको उठली, तिच्याकडं साखर संपलेली, ती वहिनीकडं मागायला गेली आणि साहेब हे सगळं कपाळावर हात धरून बघतायत. शेवटी दोन ट्रे आले. दोन्हीकडनं. साहेबांनी दोन्ही चहा पिले आणि म्हणाले पंचनाम्यात लिहितो, दोन चुली आढळल्या. मग आत जाऊन दोन्ही ओटे, दोन डबे तांदळाचे, दोन मिसळणाचे डबे बघितले, फोटो काढले. माणूस चांगला होता. वाईट असता तर त्या साखरेवरनंच अर्ज गेला असता, कारण साखर उसनी घेणं म्हणजे एकत्र कुटुंब का वेगळं हे कुठल्या जीआरमध्ये लिहिलंय?

सगळ्यात अवघड मात्र हे काहीच नव्हतं. सगळ्यात अवघड होतं आईचं नाव. ताईंनी फॉर्म भरताना सहज विचारलं, आजींना कुठं टाकू, आणि मी गप्प बसलो. आई सकाळी आमच्याकडं खाते, दुपारी वहिनीकडं, रात्री ज्याच्याकडं भाकरी मऊ असेल तिकडं. झोपते आमच्या खोलीत. औषधं मी आणतो, दवाखान्यात आण्णा गाडीनं नेतो. असं अर्धं अर्धं लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही, एक आधार एकाच कार्डात. बरं हिशोबानं बघितलं तर आण्णाकडं ठेवली तर त्यांचं कार्ड गाडीमुळं आता पांढऱ्यात जाणार, आईचे ५ किलो गेले. आमच्याकडं घेतली तर ५ किलो वाचले. म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ पेन्शनचं पण विचारलं, तिथं वर्षाला उत्पन्न २१ हजाराच्या आत लागतं, आई कुठल्याही पोराच्या उत्पन्नात धरली तरी बसत नाही, तो विषय तिथंच संपला. ७२ वर्षाच्या बाईचं स्वतःचं उत्पन्न शून्य, पण ती ज्या ताटात जेवते त्या ताटाचं उत्पन्न तिच्या नावावर चढतं. एकच योजना अशी निघाली जिथं हे काहीच नाही, ७० च्या वरच्यांचं आयुष्मान कार्ड, ऑक्टोबर २०२४ पासूनचं, पाच लाखापर्यंत उपचार, उत्पन्न विचारत नाहीत, कुणाजवळ राहता विचारत नाहीत, फक्त आधारवर वय बघतात. ताईंनी ते त्याच बैठकीत काढून दिलं, मी मागितलं पण नव्हतं.

आईला आमच्याकडं घ्यायचं असं ठरलं आणि वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या ते हे की, मी वीस वर्षं केलं आणि कागदावरनं मलाच परकी केली. आता याला काय उत्तर देणार, पाच किलो गव्हा-तांदळाचा हिशोब बरोबर होता आणि त्यांचं बोलणंही बरोबर होतं. आण्णा मात्र समजून होता, त्यानं स्वतःहून लिहून दिलं की आम्हाला धान्य नको.

कार्ड ऑगस्टच्या शेवटी आलं. ऑनलाइन पीडीएफ, क्यूआर वगैरे, पूर्वीसारखं पुस्तक नाही, आईला पटलं नाही, हे कसलं कार्ड म्हणाली, याला पानं कुठायत. मी खूश होऊन रेशन दुकानात गेलो तर मशीनवर आमच्या नावापुढं धान्यच नाही. नुसतं कार्ड. कारण कार्ड मिळणं वेगळं आणि प्राधान्यमध्ये नाव चढणं वेगळं, कायद्यानं राज्याचा कोटा ठरलेलाय, इष्टांक म्हणतात त्याला, खेड्यात लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरात ४५.३४ टक्के, आणि तालुक्याचा इष्टांक भरला असला की कुणाचं तरी नाव कमी झाल्याशिवाय नवीन बसत नाही. आमची पाच नावं तर आधीपासून आत होती, तरी फोडाफोडीत बाहेर पडली. ही एक गोष्ट ताईंनी आधी सांगायला पाहिजे होती, ती सांगितली नाही, अर्धा स्टार त्यासाठी कापलाय. सप्टेंबर कोरडा गेला, धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट असल्यामुळं विकत घ्यायची सवयच मोडली होती, दुकानातला भाव बघून डोळे फिरले. मग त्यांनीच अर्ज करून दिला की जुन्या कार्डातली पाच नावं योजनेसकट नवीन कार्डात घ्यावीत, त्याची फी घेतली नाही, आणि ऑक्टोबरला २५ किलो आलं. जे कोणी विभक्त करताय त्यांनी हे पहिल्याच दिवशी लिहून द्या, नंतर नाही.

बायकोचं लाडक्या बहिणीचं पण मार्गी लागलं, सप्टेंबरमध्ये केवायसी सुरू झाली त्यात माझा आधार जोडला, कुटुंबातल्या एकाच विवाहित आणि एकाच अविवाहित महिलेला लाभ मिळतोय असं त्यात हो म्हणावं लागतं, आता नवीन कार्डामुळं ते हो म्हणताना घसा कोरडा पडला नाही. मधल्या महिन्यांच्या पैशाचं कुणी काय बोलत नाही.

केंद्राच्या बाकी गोष्टी. ताई फोन उचलत नाहीत, अजिबात नाही, मेसेज केला तर रात्री अकराला रिप्लाय येतो. सोमवारी बाजार असतो, त्या दिवशी जाऊ नका, उभं राहायला जागा नसते. दुपारी लाईट जाते आणि इन्व्हर्टर नाहीय. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे म्हणजे भट्टी. थंबचं मशीन जुनं आहे, आईचा अंगठा सात वेळा ठेवला तरी लागेना, आयुष्यभर भांडी घासून रेषाच गेल्यात, शेवटी डोळ्याच्या मशीनवर झालं आणि ते मशीन पण दुसऱ्या गावाहून मागवलं. त्या रागावतात पण, झेरॉक्स विसरून आलात तर सगळ्यांसमोर. पण दरपत्रक दारातच लावलंय, प्रत्येक वेळी पावती मिळाली, आणि मला एकूण खर्च आला ३४० रुपये, त्यात दोन वेळचा चहा त्यांनीच पाजला. मुदतीत काम झालं नाही तर लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चा, त्याखाली अपील करता येतं हे पण त्यांनीच सांगितलं, आणि नुसतं सांगून थांबल्या नाहीत, माझ्या पावतीवर पेनानं तारीख लिहून दिली, या दिवसापर्यंत नाही झालं तर या.

कुणी जाणार असाल तर सगळी माणसं कोण कुठं जेवतं, कोण कुठं झोपतं, मीटर कुणाच्या नावावर, गॅस कुणाच्या, गाडी कुणाची, हे घरून ठरवून जा, तिथं बाकड्यावर बसून भावाला फोन लावत बसू नका, मागच्या बायका शिव्या घालतात.

नवीन कार्डावर कुटुंबप्रमुख आईच आहे, म्हणजे माझ्या संसाराची प्रमुख. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली नाव कुठं पण लाव, दुपारी मी थोरल्याकडंच जेवणार, वहिनीची आमटी चांगली असते. बायकोनं ऐकलं. आता बघू.